तळाची चार भोकं

थळच्या किनाऱ्यावर होडी पाण्यात ढकलायची वेळ आली की काठावरची बाई एकच शब्द विचारते, "बूच?" होडीवरच्यानं "मारलं" म्हणायचं, मगच ढकलायचं. यात देवाधर्माचं काही नाही. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवतात. आत पाणी साचून लाकूड कुजू नये म्हणून तळाच्या अंगठ्याएवढ्या भोकातलं लाकडी बूच तेवढे दोन-तीन महिने काढून घेतात. श्रावणात होडी पुन्हा समुद्रात घालताना राळेत भिजवलेली चिंधी गुंडाळून ते बूच ठोकून बसवायचं असतं. इतकी साधी गोष्ट. पण साध्याच गोष्टी विसरण्यात माणसाचा हातखंडा, म्हणून विचारायचं.

काळूराम बारा वर्षांचा असताना विसरला.

बूच त्यानं लावलं होतं, पण चिंधीशिवाय, नुसतं तळहातानं दाबून. मागाहून ठोकतो म्हणाला आणि कुणाची तरी हाक आली म्हणून धावला. थोरला भाऊ सदू दोघा गड्यांना घेऊन खांदेरीच्या पलीकडे गेला. दोघं गडी पोहत परत आले. सदू चौथ्या दिवशी किहीमच्या वाळूत सापडला. आई मनुबाई काळूरामला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर पोरगं सुटलं असतं. त्या वर्षापासून ती गावातल्या प्रत्येक होडीपुढं गुडघाभर पाण्यात उभी राहून विचारू लागली, "बूच?" तिच्यामागून बाकीच्या बायकांनी विचारायला सुरुवात केली. मनुबाई गेली तरी शब्द राहिला. त्याचं मूळ ठाऊक असलेली माणसं हळूहळू कमी झाली, पण काळूराम होताच.

मासेमारीला तो फारसा गेलाच नाही. होड्या दुरुस्त करू लागला. फळ्यांच्या सांध्यांत सुतळी ठोकायची, वरून राळ भरायची, आणि हात फिरवून बघायचा, वारासुद्धा लागता कामा नये. एकोणीसशे एकवीस साली तो मुंबईच्या गोदीत लागला आणि तिथं लाकडाऐवजी लोखंड हाती आलं. पत्र्यावर पत्रा ठेवून तापल्या रिवेटा ठोकायला शिकला. पंधरा वर्षं ठोकल्या. उजवा कान बहिरा झाला. पण त्यानं जोडलेल्या सांध्यातून पाणी आलं असं कुणी म्हणायला धजलं नाही. भोक दिसलं की तो बेचैन होई. चाळीतल्या खोलीत उंदरांची बिळं, खिडकीच्या फटी, शेजाऱ्याच्या पन्हळीचा पत्रा, सगळं त्यानं बुजवलं. थळला घरीच राहिलेली त्याची बायको केसर हसून सांगे, "ह्यांच्या हाती चाळणी देऊ नका गं, राळ भरून परत देतील."

छत्तीस साली लष्करानं थळच्या उत्तरेला, सुरूच्या बनालगत, एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत आपलं वर्कशॉप थाटलं. तिथं चिलखती गाड्या आणल्या. सरहद्दीवर पंधरा वर्षं खडी तुडवलेल्या, अंगावर गोळ्यांचे वळ घेतलेल्या, डोक्यावर घुमट असलेल्या त्या लोखंडी गाड्या. त्यांचं चिलखत अजून शाबूत होतं, पण खालचं सगळं निकामी झालं होतं. इंजिनं धापा टाकत, आस वाकलेले, आणि टायर म्हणाल तर भरीव रबराचे, ज्यांवर बसून माणसाचे दात हलावेत. नवी गाडी घ्यायला सरकारची तयारी नव्हती. तेव्हा ठरलं असं, की वरची लोखंडी पेटी उचलायची आणि हवेच्या टायरच्या नव्याकोऱ्या चासीसवर बसवायची. मुंबईच्या मोठ्या कारखान्यात नमुन्याची एक गाडी तयार झाली होती. तशाच सहा थळला तयार करायच्या होत्या. पेट्या आणि चासीस मालवाहू पडावांतून समुद्रमार्गे यायच्या, आणि पेटी बसवणाऱ्या टोळीला एक मुकादम हवा होता. गोदीत पंधरा वर्षं रिवेटा ठोकलेला, गावातलाच माणूस मिळाल्यावर कोण सोडतो?

काळूराम घरी आला. पंधरा वर्षांनी पहिल्यांदा नवराबायको रोज एका चुलीवर जेवू लागली. ते सुख वर्षभर टिकलं.

वर्कशॉपात त्याची गट्टी जमली हिरामणशी. हा पालीजवळच्या एका वाडीतला, भातशेतीवाल्या घरातला. बापाच्या मागं आई नीराबाई शेती बघे आणि हा आधी लॉरी चालवी, आता तयार झालेली गाडी किनाऱ्यावर फिरवून बघायचं काम करी. वय अठ्ठावीस, दात पुढं, आणि तोंडाला खीळ नाही.

"नाखवा," तो गाडीच्या पोटात वाकून ओरडे, "तुझ्या हाती बैलगाडी दिली तरी तिला शीड लावशील तू!"

"लावीन. पन तू हाकू नको. चिखलातला बेडूक तू, पानी बघून उलटी करशील."

"बेडकाला पानी चालतं, नाखवा. खारं नको फक्त."

दुपारी दोघं सुरूच्या सावलीत भाकरी खात. हिरामणच्या फडक्यात आईनं बांधून दिलेला तांदळाचा पापड असे, काळूरामच्या डब्यात सुकटीची चटणी. पालीचा मुलगा असून त्याला सुकटीचं एवढं वेड, की केसर दर शनिवारी त्याच्यासाठी वेगळी पुडी बांधून देई. "तुझ्या आयेला दे," म्हणे. ती आयेपर्यंत क्वचितच पोचे.

आता त्या भोकांचं.

जुन्या गाड्यांची पेट्रोलची टाकी पेटीच्या बाहेर होती. नव्या चासीसवर ती आत, मागच्या बाजूला, लाकडी फळीच्या खाली आली. म्हणून मुंबईच्या कारखान्यानं पेट्या पाठवण्याआधी प्रत्येकीच्या तळाला, टाकीच्या बरोबर खाली, रुपयाएवढी चार भोकं पाडली होती. कशासाठी, ते नकाशात लिहिलेलं होतं. नकाशा इंग्रजीत होता आणि फोरमनच्या टेबलावर होता. फोरमन एक म्हातारा पारशी गृहस्थ, कामात हुशार, पण पेन्शनीला दोन महिने उरलेले, त्यामुळे अर्धं मन घरी.

काळूरामनं ती भोकं पहिल्याच दिवशी पाहिली. जुन्या बोल्टांची असावीत असं त्याला वाटलं. तरी विचारायला गेला. फोरमन दारांच्या रबरी पट्ट्यांवरून कुणाला तरी फैलावर घेत होता. मुंबईहून हुकूम आला होता की या गाड्या खाडीचं गुडघाभर पाणी ओलांडून जातील अशा झाल्या पाहिजेत.

"साहेब, खालची भोकं हायत..."

"अरे डीकरा, मला काय विचारते? पानी अंदर नको आला, बस! एक टीपा नको!"

बस. काळूरामला एवढंच हवं होतं. त्यानं सागाचे गट्टू कातले, राळेत भिजवलेल्या सुतळीनं गुंडाळले, खालून ठोकून सपाट केले, वर पत्र्याची चकती बसवली आणि वरून लष्करी रंग मारला. सहा गाड्या, चोवीस भोकं. हे काम त्यानं टोळीतल्या कुणाला करू दिलं नाही. होडीचं बूच ज्याचं त्यानंच मारायचं असतं. शेवटची चकती बसवून तो गाडीखालून बाहेर आला तेव्हा हिरामण म्हणाला, "काय रं, एवढा खूश? पोर झालं काय?"

"आता बुडनार न्हाय," काळूराम म्हणाला.

वर्कशॉपच्या लष्करी कप्तानसाहेबानं एकेक गाडी भरतीच्या पाण्यातून नेऊन पाहिली. आत हात फिरवला, कोरडा. शाबासकी फोरमनला मिळाली, फोरमननं कागदावर सही केली, आणि नारळी पुनवेच्या तिसऱ्या दिवशी सूर्य उगवायला सहा गाड्या पहिल्या लांबच्या चाचणीला निघाल्या. अलिबाग, पोयनाड, धरमतरची खाडी, मग पेण, आणि पुढं खोपोलीचा घाट. पुढच्या पाचांवर गोरे शिपाई होते आणि सहावीवर, सगळ्यांत मागं, हिरामण. बनाच्या वळणावर, केसर बघायला उभी होती तिथं, त्यानं झडपेतून हात बाहेर काढून हलवला. हातात केसरची सुकटीची पुडी होती. "ह्या टायमाला आयेला खरंच देतो, वयनी!"

मुंबईहून आदल्याच दिवशी आलेली नमुन्याची गाडी मागं राहिली होती. रिकाम्या वखारीत ती एकटीच उभी होती आणि काळूरामला दिसलं की तिच्या तळाची भोकं उघडी आहेत. मुंबईवाले विसरले, त्याच्या मनात आलं. चार गट्टू उरलेलेच होते. तो छिन्नी आणि मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, घेऊन खाली सरकला. तळाखालची वाळू ओली, काळपट. नाकाला पेट्रोलचा वास आला.

"काय करते रे?" फोरमन चहाचा पेला घेऊन उभा होता.

"भोकं ऱ्हायलीत, साहेब. बुजवतो."

"गाढव! ए तो मुद्दाम ठेवला. नवा सांधा नेहमी पाझरते, पेट्रोल टपकते. ते पेटीत साठला तो वास बसते खाली. सेल्फ मारला, एक ठिणगी पडली, तो अंदरनो मानस भजिया! म्हणून होल. पेट्रोल खाली, हवा बाहेर. समज्या?"

काळूराम गाडीखालून आला नाही. नुसते पाय बाहेर होते. मग आतून आवाज आला, "साहेब, सहा गाड्यांची मी बुजवली."

चहाचा पेला खाली पडला असं सांगायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. फोरमननं तो शांतपणे संपवला आणि जमिनीवर ठेवला. मग काळूरामजवळ खाली वाकून, एरवी कधी बोलत नसे इतक्या हळू बोलला, "तू काय बोलला नाय. मी काय ऐकला नाय."

"तार करा, साहेब!"

"तार पेणला जाते. पेणहून मानस धरमतरला येते, तोपरेंत दुपार होते. आणि कागद पर सही कोनाची? माझी. तीस वरस नोकरी, डीकरा. कदाच काय होनार पन नाय. परमेश्वर मोटा छे."

परमेश्वर मोठा आहे हे काळूरामला मान्य होतं. पण सदूच्या वेळीही तो तेवढाच मोठा होता.

तो धावत सुटला. अलिबागेपर्यंत गेला असता, पण तिथून पुढं काय? लष्करी गाड्या खाडीपार होईपर्यंत सर्व्हिस मोटारी थांबवल्या होत्या, हे आदल्या दिवशीच दवंडी पिटून सांगितलं होतं. चालत धरमतर म्हणजे दुपार टळणार. पण गाड्याही धरमतरला अडकणार होत्या. दोन पडाव जोडून त्यांवर फळ्यांचा तराफा केला होता आणि ओहोटीच्या चिखलात तो हलणार नव्हता. एकेक गाडी न्यायची तर भरती चढून पाणी काठाला लागेपर्यंत थांबणं भाग. तीच भरती आता थळच्या किनाऱ्यावर वळत होती. काळूराम घराकडं न वळता सरळ मामाच्या होडीकडं गेला.

बुधाजीमामा सत्तरीचा, पुनवेला नारळ वाहून झाल्यावर नुकतीच होडी पाण्यात घातलेली. तो जाळ्याला तरंगतं ठेवणारं भेंड बघत बसला होता.

"मामा, धरमतरला चल. आत्ता."

"का रं? कोन मेलं?"

"अजून न्हाय."

म्हाताऱ्यानं भाच्याचं तोंड पाहिलं आणि जाळं बाजूला टाकलं. दोघं होडी ढकलू लागले. केसर धावत आली, पदर खोचलेला, हातात पीठ. काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. सवयीनं, गुडघाभर पाण्यात थांबून, तिनं विचारलं, "बूच?"

काळूरामनं तिच्याकडं असं पाहिलं की ती दोन पावलं मागं सरली. "मारलंय," बुधाजीनं उत्तर दिलं.

वारा नैऋत्येचा होता आणि शीड भरलं. किहीम गेलं, मांडवा गेला. काळूराम नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, बसून हातातल्या मोगरीनं फळीवर ठोकत होता, ठक, ठक, आणि मनात हिशेब करत होता. सकाळी सगळ्या गाड्या थंड होत्या. पेट्रोल सांध्यांतून थेंब थेंब गळणार. अलिबागेपर्यंत वाटीभर. पोयनाडपर्यंत तांब्याभर. चालत्या गाडीत झडपांतून वारा फिरतो, वास निघून जातो. पण धरमतरला गाड्या उभ्या राहणार. ऊन असलं तर पत्रा तापणार. आणि मग तराफ्यावर चढण्यासाठी इंजिन पुन्हा सुरू करणार. एकेकाची पाळी. हिरामणची शेवटची. शेवटची म्हणजे सगळ्यांत जास्त वेळ उन्हात. पण सगळ्यांत उशिरा सुरू होणारी.

"ठोकू नको रं," बुधाजी म्हणाला. "सांग तरी काय झालं."

काळूरामनं सांगितलं. म्हाताऱ्यानं सुकाणू किंचित वळवलं.

"तुला धरतील."

"धरू दे."

"फाशी देतील. सरकारची गाडी हाय ती. घात केला म्हनतील."

"मामा, शीड ताण."

रेवसच्या टोकाला वळून होडी खाडीत शिरली आणि भरतीनं तिला पाठीवर घेतलं. दोन्ही काठांचं पाणी चिखलावर चढताना दिसत होतं. एरवी याच पाण्याकडं बघून त्याला बरं वाटलं असतं. आज प्रत्येक बोट चढलेलं पाणी म्हणजे तराफा सुटायला तेवढा कमी वेळ होता. तो पाण्यावर चिडला. हळू चढ, म्हणाला, तोंडानं, मोठ्यानं. आणि तेच पाणी होडीला पुढं रेटत होतं, म्हणून लगेच म्हणाला, जोरात चल. बुधाजीनं तोंड फिरवलं.

धरमतर दिसलं तेव्हा सूर्य माथ्यावर होता. अलीकडच्या काठावर चार गाड्या. पलीकडं, पेणच्या बाजूला, दोन. तराफा रिकामा होऊन मध्ये आला होता.

"कुठं लावू?" बुधाजीनं ओरडून विचारलं. "हिकडं का तिकडं?"

विचार करायला वेळ नव्हता आणि विचार करण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंही नाही. हिरामण सहावा. सहावा म्हणजे अलीकडं. "हिकडं!" काळूराम म्हणाला आणि होडी चिखलाला लागण्याआधीच उडी मारली.

पहाऱ्यावरच्या शिपायानं बंदूक आडवी धरली. काळूरामनं त्याच्या बगलेखालून वाकून पहिल्या गाडीचा तळ गाठला. पाठीवर लाथ बसली, मग दुसरी. तो थांबला नाही. छिन्नी चकतीखाली सारली आणि मोगरी मारली. गोदीत पंधरा वर्षं बसवत आलेला माणूस आता पहिल्यांदा उखडत होता, आणि स्वतःचंच काम त्याला दाद देईना. इतकं पक्कं कशाला केलं रे, हरामखोरा, असं तो स्वतःला म्हणाला. चकती निघाली, गट्टू निघाला आणि पेट्रोलची धार त्याच्या तोंडावर आली.

धार सगळ्यांनी पाहिली. लाथा थांबल्या.

कप्तान वाकून बघत होता. "साहब," काळूराम थुंकत म्हणाला, "नीचे का छेद मैंने बंद किया. सब गाडी का. इंजिन चालू मत करो. कोई मत करो."

कप्तानाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तो काठाकडं धावत सुटला, दोन्ही हात हलवत, पलीकडच्या माणसांच्या नावानं ओरडत. काळूराम दुसऱ्या गाडीखाली गेला, मग तिसरीखाली. तिथून त्यानं हाका मारायला सुरुवात केली. "हिरामण! ए हिरामण! उतर खाली!" चौथ्या गाडीतून एक गोरं, घाबरलेलं तोंड बाहेर आलं. पाचवीकडं जावं म्हणून तो उठला, तर पाचवी तिथं नव्हतीच. चारच होत्या. चारही गाड्यांतून गोरेच उतरले होते.

"हिरामण कुठंय?"

तराफ्याच्या नावाड्यांपैकी एकजण म्हणाला, "तो व्हय? त्याला पैलेच नेला. सायबाला आमचं कळंना, आमाला सायबाचं. म्हनून त्याला फुडं घातला."

तो सहावा होता. त्याला पहिला नेला होता, कारण दुसऱ्या कुणाला मराठी येत नव्हती.

काळूराम पाण्यापर्यंत आला. पलीकडच्या काठावर, तराफा लागायला जागा मोकळी करावी म्हणून हिरामण आपली गाडी चढावावर घ्यायला निघाला होता. त्यानं इकडं पाहिलं. काळूरामला ओळखलं. हात वर करून हलवला, तसाच, सकाळसारखा. खाडीत वारा फिरला होता, त्याच्याकडून इकडं येत होता. त्याचं हसणंसुद्धा ऐकू आल्यासारखं वाटलं. इकडची एकही हाक तिकडं पोचत नव्हती. कप्तानानं पिस्तूल हवेत झाडलं. हिरामण तोवर आत वाकला होता.

आधी काहीच झालं नाही. मग झडपांतून निळसर काहीतरी आलं, ऊन असल्यानं नीट दिसलंही नाही, आणि मागून धूर. घुमटाचं दार उघडलं आणि हिरामण वर आला, पेटलेला, आणि खाली उडी मारून चिखलात लोळू लागला. शेतातला मुलगा, चिखलाकडंच धावला.

बुधाजीनं होडी पलीकडं घातली तेव्हा काळूरामला बांधलेलं होतं. त्याला नेलं नाही.

हिरामणला पेणच्या दवाखान्यात ठेवलं आणि काळूरामला पेणच्याच कोठडीत. दोन्हींमध्ये एक रस्ता होता. तिसऱ्या दिवशी हवालदार त्याला घेऊन रस्ता ओलांडून गेला, कारण हिरामणनं साहेबापुढं जबानी देताना सांगितलं होतं की नाखव्याला आणा. जबानीत त्यानं आणखी एक सांगितलं, आणि त्यामुळं पुढं काळूरामची मान वाचली. घात करणारा माणूस छिन्नी-मोगरी घेऊन सोडवायला येत नाही.

हिरामण केळीच्या पानावर निजवलेला होता. तोंड फारसं भाजलं नव्हतं, बाकी सगळं भाजलं होतं.

"नाखवा," तो म्हणाला, "गाडीला होडी समजलास व्हय?"

"व्हय रं."

हिरामणनं मान त्याच्याकडं वळवली. थट्टा करायची होती की खरंच विचारायचं होतं, ते कळलं नाही. डोळे मात्र स्वच्छ होते.

"पन होडी जमिनीवर असली म्हंजी तिचं बूच तुमी काढून ठेवता ना?"

 काळूरामला हे ठाऊक होतं. लहानपणापासून, दर वर्षी, स्वतःच्या हातानं त्यानं ते बूच काढून ठेवलं होतं. जमिनीवरच्या होडीचं भोक उघडं राहिलं पाहिजे, हे त्याला थळमधल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त ठाऊक होतं.  हवालदारानं त्याला खांद्याला धरून उठवलं. हिरामण संध्याकाळी गेला.

फोरमननं शपथेवर सांगितलं की मला कुणी काही विचारलं नाही आणि कुणी काही सांगितलं नाही. त्याला पेन्शन मिळाली. काळूरामला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. हुकमाबाहेर काम केलं, सरकारी गाडी गेली, माणूस गेला. त्यानं वकिलाला एवढंच सांगितलं की काही म्हणू नका. केसर महिन्यातून एकदा भेटायला जाई आणि तो तिला दरवेळी तोच प्रश्न विचारी, "त्याच्या आयेला पुडी पोचली व्हती काय गं?" केसरला ठाऊक नव्हतं. पुडी गाडीत होती.

उरलेल्या पाच गाड्यांच्या तळाला, प्रत्येक भोकाशेजारी, नंतर पितळेची एक पट्टी ठोकली गेली. तीन भाषांत लिहिलं होतं: हे भोक बुजवू नये. मराठी दोन ठिकाणी चुकीची होती. थळचं वर्कशॉप उठलं, वखार पुन्हा बंद पडली.

एकोणचाळीस सालच्या कार्तिकात काळूराम सुटला. थळला एक रात्र राहिला आणि दुसऱ्या दिवशी केसरकडून सुकटीची पुडी बांधून घेऊन पालीला गेला. केसर म्हणाली, "कशाला जाता अवो? ती बाई दारात उभी करायची न्हाय." तो म्हणाला, "करू नये तिनं."

नीराबाई खळ्यावर होती. झोडणी चालली होती. उंच, हाडकुळी बाई, हिरामणसारखेच पुढं आलेले दात. पेंढी वर नेऊन ती फळीवर मारी तेव्हा दाणे पायाशी सांडत. काळूराम खळ्याच्या कडेला उभा राहिला. त्यानं नाव सांगितलं. पेंढी हवेतच थांबली, मग खाली आली, मग तिनं ती झोडून पूर्ण केली आणि बाजूला टाकली. दोन गडी काम थांबवून बघू लागले. तिनं त्यांना हातानं खुणावलं, करा तुमचं.

पुडी त्यानं खळ्याच्या काठावर ठेवली. पाया पडायला वाकला. ती मागं सरली.

"पाया पडू नको," ती म्हणाली. "मी तुला शिव्या देनार न्हाय. देऊन बघितल्या. दोन वर्सं रोज दिल्या, घरात बसून. काय व्हत न्हाय त्यानं." मग अंगावरचं कुसळ झाडत, जवळ येत, "मला कुनी नीट सांगितलं न्हाय. सायेब आला, त्यानं कागद वाचला. गावात कुनी म्हनतं बॉम्ब व्हता, कुनी म्हनतं देवाचं. भोक, भोक म्हनतात. किती मोठं भोक व्हतं ते? दाव मला."

काळूरामनं उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला आणि तिच्यापुढं धरला. रुपयाएवढा. 

नीराबाईनं त्या गोलात बघितलं. वाकून, एक डोळा बारीक करून, सुईत दोरा ओवताना बघतात तसं. पलीकडं तिला काय दिसलं असेल ते दिसलं असेल. खळं, पेंढ्या, ऊन.

"येवढंच?" ती म्हणाली.

"येवढंच."

तिनं पुढची पेंढी उचलली.